नातीचं न्हाणं आणि कोरफडीचं मलम

मुलगी बाळंतपणाला घरी आली, तेव्हा तिने चिखलीहून माझ्यासाठी हाताला लावायचं मलम आणलं. शेतातल्या निंदणीने माझ्या हातांना भेगा पडलेल्या. डबीवर कोरफडीचं चित्र होतं. "झाडपाल्याचं आहे माय, याचा काही तरास नसते," ती म्हणाली. माझ्या हातांसाठी कोणी काही विकत आणलं, असं पहिल्यांदाच झालं. मी रोज लावायची.

नात झाली. आठ-दहा दिवस मीच तिला न्हाऊ घातलं. पाय लांब करून बसायचं, तिला नडग्यांवर पालथी घ्यायची आणि तेल चोळायचं. मग माझे हात लाल झाले, कोपरापर्यंत बारीक फोड आले. मी आणखी मलम लावलं. तरी खाज जाईना, म्हणून अंगणातली कोरफड चिरून गर चोळला. आग वाढली.

मुलीची सासू नात पाहायला आली होती. माझे हात पाहून म्हणाली, "इनबाई, लेकरू कवळं आहे. बरं होईस्तोवर हात नका लावू." त्यांचं चुकलं नव्हतं. मी हात पदरात घेतले. त्या दोन दिवसांसाठी आलेल्या, पण नातीच्या न्हाण्यासाठी थांबल्या. मी चुलीपाशी बसून तिचं रडणं ऐकायची. सव्वा महिना झाला की मुलगी तिला घेऊन सासरी जाणार होती.

मुलीने मला मेहकरला डॉक्टरबाईंकडे नेलं. "मावशी, हाताला काय लावता?"

"काही नाही," मी म्हणाले. लेकीवर बोल यायला नको होता.

तिनेच पिशवीतून डबी काढली. "हे लावते ते. मीच आणलं. कोरफडही चोळली."

बाईंनी डबीवरचं वाचलं. "कोरफड, वर फुलांचे अर्क. यानेच झालेलं दिसतं."

"पण हे तर झाडाचं आहे!"

"मग? खाजकुइरी काय कारखान्यात बनते?"

मला हसू आलं. त्या हसण्यातच मी विचारून टाकलं, "नातीले लागन काय हे?"

"नाही. हे दुसऱ्याला लागत नाही."

त्यांनी औषध दिलं. मलम आणि कोरफड बंद. नवीन काही आणलं तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून काही दिवस पाहायचं, मगच वापरायचं.

जीपमध्ये मुलगी रडायला लागली. "माह्याच हातानं दिलं तुले."

"तू दिलं म्हणून तर एवढं लावलं, येडे," मी म्हणाले.

हात निवळायला वेळ लागला. दुसऱ्याला लागत नसलं तरी तोवर मी न्हाऊ घालायला बसले नाही. कातडी साफ झाली त्या सकाळी विहीणबाईंनी स्वतः पाट मांडला. "बसा इनबाई. माह्यानं आता पाय लांब करवत नाही." नात माझ्या नडग्यांवर आली. डॉक्टरबाईंचे उपकार तर आहेतच, पण आपली घरची कामं सोडून थांबलेल्या या बाईचेही आहेत. त्या पाणी ओतत होत्या. "चोळा चांगलं," म्हणाल्या, "एवढ्या कवळ्या लेकराले मी तर इतके दिवस भीत भीतच लावत होती हात."