तीन पळ्या पाणी

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक, हे आधीच कबूल करतो. राहतो काशीत, ब्रह्मा घाटावर. मणिकर्णिकेच्या वाटेवर लहानपणापासून प्रेतयात्रा बघत आलोय, पण एकाही भुताशी आजवर गाठ पडली नाही. नोकरी बँकेत. कागद दाखवा, मग बोला – हा माझा स्वभाव. आणि मला गप्प केलं ते एका कागदानेच... असो, क्रमाने सांगतो.

गेल्या वर्षी माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. एकशे बेचाळीस किलोचा देह होता; आमच्या गल्लीत समोरून सांड आला तर कोणी मागे सरायचं हा प्रश्नच असायचा. ऑपरेशननंतर पोट उरलं केळ्याएवढं. लोकांना वाटतं, खाणं कमी केलं की झालं. खरी कसरत पाण्याची असते. मोठा घोट घेतला की छातीत कळ येते आणि सगळं उलटून पडतं. आणि न पिऊन तर चालतच नाही. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही, मधल्या वेळात थोडं थोडं करत दिवसाला दीड लिटर, वर दोनदा प्रोटीनची पावडर. डाएटिशियन बाईंनी घरी सोडताना बजावलं होतं, "खाना थोड़ा ऊपर-नीचे हो जाए तो देख लेंगे, पानी मत छोड़िएगा."

मेधाने, म्हणजे माझ्या बायकोने, स्वयंपाकघरात फ्रिजवर तक्ता लावला. दर पंधरा मिनिटांना एक चौकोन. पाणी घेतलं की निळ्या पेनाने बरोबरची खूण. हे सगळं बघून मला दादांची आठवण यायची.

दादा म्हणजे माझे वडील. घरीच वेद शिकवायचे. जाऊन सहा वर्षं झाली. मुंज झाल्यावर त्यांनी मला संध्या शिकवली, तेव्हा मी आचमनाचं पाणी गटागटा प्यायचो. ते हात धरून म्हणायचे, "बाळू, आचमन तहान भागवायला नसतं. उडीद बुडेल एवढं पाणी. तीन पळ्या, मग थांब." भिंतीवर आम्हा सगळ्या मुलांच्या नावांचा कागद असायचा. संध्या केली की दादा बोटाने गंधाचा ठिपका लावायचे. न करता कोणी "केली" म्हणालं, तर त्या ठिपक्यावर आडवी रेघ. कसं कळायचं देव जाणे, पण कळायचं. माझ्या नावापुढे रेघाच जास्त होत्या.

पितृपक्षात दादांचं श्राद्ध आलं तेव्हा ऑपरेशनला जेमतेम पंचवीस दिवस झाले होते. आमच्याकडे ब्राह्मण जेवेपर्यंत श्राद्ध करणारा पाणीसुद्धा घेत नाही. गुरुजींनी आपण होऊन सांगितलं की आजाऱ्याला सूट आहे, पाणी घेत राहा. मेधाने तर शपथ घातली होती. पण मला वाटलं, वर्षातून दादांसाठी एवढं एकच करतो, त्यातही सवलत मागायची? ते गेले तेव्हा मी ट्रेनिंगला बाहेरगावी होतो. शेवटचं पाणीही माझ्या हातचं त्यांना मिळालं नाही. ते मला अजून सलतं.

म्हणून मी खोटं बोललो. मेधा सोवळ्यात स्वयंपाकघरात होती. दर तासाला आतून विचारायची, मी बाहेरून "घेतलं" म्हणायचो, ती चार खुणा करायची. सकाळी आठपासून बारापर्यंत हेच चाललं. थेंब घेतला नव्हता.

बाराला कावळ्याचं पान घेऊन मी गच्चीवर गेलो. आमच्याकडे नुसतं पान ठेवून खाली येता येत नाही, माकडं पळवतात. हातात काठी घेऊन राखण करत बसावं लागतं. पानाभोवती पाणी फिरवायला भरलेला तांब्या होता. ऊन मी म्हणत होतं, पावसाळा सरतानाचा तो घामट उकाडा. कावळा काही येईना. थोड्या वेळाने कानात शिट्टी वाजायला लागली, जीभ टाळूला चिकटली, पाय गेले. हाक मारायचा प्रयत्न केला, आवाजच निघाला नाही. मरतो आता, हे स्पष्ट कळलं आणि भयंकर भीती वाटली.

मग ओठांना पळी लागली.

चेहरा दिसला नाही. डोळे पुरते उघडत नव्हते. हात दिसला, बोटाला ओलं गंध. मी अधाशासारखं तोंड पुढे केलं, तर पळी मागे गेली.

"बाळू, तीन पळ्या. मग थांब."

तीन पळ्या. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा तीन. किती वेळा ते आठवत नाही. उलटी झाली नाही, छातीत कळ आली नाही.

सव्वाच्या सुमाराला मेधा वर आली, तेव्हा मी टाकीच्या सावलीत भिंतीला टेकून बसलेलो होतो. टाकीपर्यंत कसा गेलो, माहीत नाही. तांब्या निम्मा रिकामा, आणि पानाला कावळा शिवून गेलेला. पळी गच्चीवर नव्हतीच. आमची एकुलती एक पळी खाली गुरुजींपुढे होती.

दवाखान्यात दोन दिवस सलाईन लागलं. मी डॉक्टरांना पळीचं सांगितलं. ते म्हणाले, पाणी कमी पडलं की भास होतात, तांब्यातलं पाणी तुम्हीच प्यायला असाल. मलाही ते पटलं. खरंच पटलं होतं.

घरी आल्यावर मेधाने फ्रिजवरचा तक्ता काढून माझ्या हातात दिला. तिचा चेहरा उतरलेला होता. त्या दिवशीच्या बारापासूनच्या चौकोनांत तिने काहीच लिहिलं नव्हतं. तिथे पाच ठिपके होते, बारा ते एक. चंदनाच्या गंधाचे, वाळून खडबडीत झालेले. मी म्हटलं, गुरुजींनी लावले असतील. ती म्हणाली, मी सोवळ्यात होते, स्वयंपाकघरात दुसरं कोणी पाऊल टाकलेलं नाही.

मग तिने वरच्या ओळींवर बोट ठेवलं.

"अहो, हे काय आहे? माझ्या खुणा कुणी खोडल्या?"

आठ ते बारा. तिच्या सोळाच्या सोळा निळ्या खुणांवर गंधाची आडवी रेघ. त्याच्या आधी, सातला मी खरंच पाणी घेतलं होतं... तिथली खूण जशीच्या तशी.

मी खोटं बोललो हे जगात कोणालाच ठाऊक नव्हतं. मेधालाही नाही. मी तिथेच जमिनीवर बसलो आणि तिला सगळं सांगून टाकलं. ती रडली.

तो कागद माझ्या कपाटात आहे. किती जणांना दाखवला, प्रत्येकाचा तर्क वेगळा. त्या दिवशी दादांना पाणी द्यायला मी गच्चीवर गेलो होतो, एवढं मात्र मला पक्कं माहीत आहे.