झुलालनानाचा इंग्रजी पिक्चर

हल्ली आमची नातवंडं मोबाईलवर इंग्रजी सिनेमे बघतात आणि खाली पळणारी अक्षरं वाचतात. वाचोत बापडी. आम्ही आयुष्यातला पहिला इंग्रजी पिक्चर अहिराणीत पाहिला, तोही झुलालनानाच्या तोंडून, आणि त्याची सर कशालाच नाही. या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेणार नाही.

झुलालनाना आमच्या गावच्या पत्र्याच्या टॉकीजचा दारवान. गाव धरणगावच्या अलीकडे, कपाशीच्या बाजाराचं. सकाळी नाना सायकलरिक्षाला भोंगा बांधून गल्लोगल्ली पिक्चर पुकारायचा, दुपारी दारावर तिकिटं फाडायचा. अंगानं नुसती काडी, पण आवाज असा की पलीकडच्या मळ्यातली बाई भाकरी थापता थापता थांबायची. अशा माणसाला गावानं डोक्यावर घ्यायला हवं होतं. पण गाव त्याच्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचं.

कारण बारवाई. गावाबाहेरच्या बारवेच्या काठी छोटं देऊळ आणि आत काळ्या पाषाणाची हातभर उंचीची देवी. पुजारी नाही. घरोघरी दिव्याची पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्यानं संध्याकाळी दिवा लावायचा, दाराला कुलूप घालायचं आणि सकाळी किल्ली शेवंताअक्काकडे द्यायची. शेवंताअक्का गावातली सगळ्यांत जुनी बाई. कोणाच्या घरानंतर कोणाचं घर, हे तिला तोंडपाठ. एक्याऐंशी साली नानाच्या पाळीलाच टॉकीजमध्ये नवा हिंदी पिक्चर लागला. नानानं दिवा लावला आणि कुलूप खेळ सुटल्यावर घालू म्हणून तो टॉकीजकडे पळाला. खेळ सुटला, गर्दी झाली, कुलूप विसरलं. सकाळी चौथरा रिकामा.

कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर परवडलं असतं. रिकाम्या चौथऱ्यापुढे दिवा रोज लागत राहिला, फक्त किल्ली नानाचं घर सोडून पुढे जायला लागली. नानाची बायको भागाबाई आपल्या पाळीचा दिवस आला की उंबऱ्याशी तेलाची बुधली आणि वाती काढून ठेवायची. शेवंताअक्का समोरून यायची, मान न वळवता शेजारचं दार वाजवायची. मग भागाबाई बुधली उचलून आत न्यायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

चौऱ्याऐंशीची आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, आली. माहेरवाशिणी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, मी जळगावच्या कॉलेजातून सुट्टीवर. आखाजीला टॉकीज भरायचं नाही तर कधी? पण मालक पितांबरशेठ भुसावळहून रिळांच्या पेट्या घेऊन आले ते तोंड पाडूनच. हिंदी पिक्चर सगळे मोठ्या गावांनी पळवलेले. उरला होता एक इंग्रजी. जुनी देवळं उकरणारा गोरा प्रोफेसर आणि त्याचा खजिन्याचा शोध.

पहिला खेळ दुपारचा. सुरुवातीलाच प्रोफेसर कुठल्याशा डोंगरातल्या देवळात शिरला, इकडेतिकडे बघितलं आणि चौथऱ्यावरची मूर्ती उचलून झोळीत टाकली. दुसऱ्या गावात शिट्ट्या पडल्या असत्या. आमच्याकडे बायकांच्या बाजूनं कोणीतरी ओरडलं, "अरे, देव चोरस हाऊ! धरा त्याले!"

तिथले गावकरी काठ्या घेऊन मागे लागले तसं अख्खं टॉकीज त्यांच्या बाजूनं उभं राहिलं. प्रोफेसर निसटला तेव्हा पडद्यावर चपला गेल्या. पितांबरशेठनी घाबरून मशीन बंद करवलं आणि दिवे लावले. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू दाराकडे वळल्या. दारात नाना उभा होता.

मला वाटलं, हा आता पळणार. नाना पळाला नाही. रिक्षावरचा भोंगा उचलून तो सरळ पडद्याशी गेला आणि माईक हातात घेतला.

"आयका रे भो," तो म्हणाला. "हाऊ मानूस चोर नही शे. ती मूर्ती त्यानाच गावनी शे. चोरटास्नी आठे लई येल व्हती. हाऊ तिले घर लई जाई ऱ्हायना."

देवी चोरीला जात नाही, परत आपल्या घरी निघालीय, असं कळल्यावर लोक बसले. मशीन पुन्हा सुरू झालं आणि नाना बोलत राहिला, घसा फुटेस्तोवर. प्रोफेसरचा त्यानं 'मास्तर' केला. सापांनी भरलेल्या खड्ड्यात मास्तर उतरला तेव्हा नाना विनवायला लागला, "नागोबा, वाट दे रे बाप, मायनं काम शे!" आणि पुढच्या रांगेतल्या बायांनी हात जोडले. मला थोडंफार इंग्रजी कळायचं. एका ठिकाणी मास्तर फक्त पाणी मागत होता, आणि नाना सांगत होता की त्याला आपल्या गावचा रिकामा चौथरा आठवतोय. मी गप्प बसलो. त्या दिवशी कोणाचं बरोबर होतं हे मला आजही सांगता येणार नाही.

शेवटी मात्र घोडं अडलं. पडद्यावर मूर्ती काही कोणाच्या घरी गेली नाही. सरकारी माणसांनी ती लाकडी पेटीत घातली, खिळे ठोकले, वर नंबर लिहिला आणि तशाच पेट्यांनी भरलेल्या गोदामात ढकलून दिली. मग नानानं सगळा जीव आवाजात ओतला, "उनी रे, माय गावले उनी! दिवा लाया!"

देवी गावाला आली म्हटल्यावर टाळ्यांनी पत्रे हादरले. आखाजीचे सगळे खेळ तुडुंब गेले. मला वाटलं, आता सगळं मिटलं. पण पाळी आली तेव्हा भागाबाईनं बुधली काढून ठेवली आणि शेवंताअक्का पुढच्या दाराशी गेली.

वर्षं गेली. व्हिडिओ आला, टॉकीज बंद पडलं, तिथे कपाशी भरली. आणि ब्याण्णव साली निरोप आला की मूर्तीचोरांची टोळी सापडलीय. जळगावला येऊन मूर्ती ओळखा. तक्रार नानाच्या नावावर होती, म्हणून नानाच गेला. संध्याकाळी एसटी आली तेव्हा सगळं गाव स्टँडवर, पुढे शेवंताअक्का. नाना उतरला. हात रिकामे.

"आपलीच शे," तो म्हणाला. त्या आवाजाला आता भोंग्याची सवय राहिली नव्हती. "मी वळखी. पन लाकडी पेटीमा ठेयेल शे. वर नंबर लिखेल शे. खटला सरी तवय देतीन, म्हनतस. मी सांगं, एक दिवा लावू द्या. तर नही म्हने, मुद्देमालले दिवा लावतस नही."

नानाच्या डोळ्यांना धार लागली. "अक्का, त्या टाइमले मी पिक्चरमा तुमले खोटं सांगं व्हतं. तठे बी ती पेटीमाच गयी व्हती."

"आमले काय डोया नही व्हतात का रे झुलाल?" शेवंताअक्का म्हणाली. "पेटी बठ्ठा गावनी देखी. खिळा ठोकतांना बी देखं."

"मंग टाया काबर वाजाड्यात?"

"ती घर उनी, आशे कोन्हीतरी बोलाले पायजे व्हतं. आयकीसन बरं वाटनं." म्हातारीनं कमरेला हात घातला. "पन तवय तू जे सांगं ते आमले बरं वाटाकरता सांगं. आज खरं सांगं."

तिनं कमरेची किल्ली सोडली आणि त्याच्या हातावर ठेवली.

"आज दिवानी पाळी तुनी. घरमा तेल शे का?"

नानानं किल्ली कपाळाला लावली. त्याच्या मागून भागाबाई बोलली.

"शे, अक्का. कवयनं काढी ठेयेल शे."