दोधूचा माळढोक

माझा धाकटा भाऊ दोधू पाखरं मोजायचा. किती आली ते नव्हे हो, किती जातींची आली ते. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. आमच्या शेतकऱ्यांचं वर्ष तिथून धरायचं. या आखाजीपासून पुढच्या आखाजीपर्यंत जी जी जात त्याच्या डोळ्यांना दिसेल, तिचं एक चित्र तो घराच्या मागच्या भिंतीवर गेरूने काढायचा. आखाजीला मी भिंत पांढऱ्या मातीने सारवली की गेलं वर्ष पुसलं, नवं सुरू. अक्षर येत नव्हतं मेल्याला, पण चोच अशी काढायचा की बघणाऱ्याने लगेच नाव घ्यावं.

तुम्हाला वाटेल, पाखरांवर माया करणारा कोणी साधू असेल. माया कसली, बोडक्याची! ज्वारीत भोरड्या उतरल्या की आधी शेतातल्या माळ्यावर उभा राहून डोळे भरून बघायचा, घरी येऊन भिंतीवर काढायचा, आणि मग परत जाऊन गोफणीने त्यांचा चेंदामेंदा करायचा. कणसांवर रक्त उडालेलं असायचं. माणसांनाही तोच न्याय. शेजारचा सुपडू एकदा भिंतीवरचं चित्र बघून म्हणाला, हा तणमोर नाही, कोंबडी वाटते. दोन दात गेले त्याचे. दोधूच्या बायकोने एक साल भिंत लवकर सारवली तर तिचं बोट मोडलं. ती माहेरी गेली ती गेलीच. मी विधवा होऊन भावाच्या घरी राहिले, म्हणून दोन वेळा चूल पेटायची. मला तो हात लावत नसे. लावून बघायचा होता!

आमचं गाव गोमाई नदीच्या अलीकडे, आणि पलीकडच्या गावात जालमसिंग. त्यालाही हेच वेड. दोघे आपापल्या माळ्यावरून नदीपलीकडे ओरडायचे, मी हे पाहिलं, मी ते पाहिलं. बाजारात भेटले की एकमेकांची गचांडी धरायचे. वर्षात कोणाच्या जाती जास्त, यावर दोन्ही गावं पैजा मारायची. सख्ख्या भावांना एकमेकांचं जेवढं ठाऊक नसतं, तेवढं या वैऱ्यांना होतं.

आणि आखाजीला तर आमच्याकडे रीतच होती. आखाजीची गौराई नदीत बोळवली की दोन्ही गावांचे गडी काठांवर उभे राहायचे आणि गोफणीने एकमेकांवर दगड सोडायचे. डोकी फुटायची, हळद भरायची, दुसऱ्या दिवशी रामराम. मिठाच्या सत्याग्रहाच्या साली जालमसिंगचा गोटा दोधूच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गालावर आला. मीच तो पदराने दाबून धरला आणि बैलगाडीतून शहाद्याला नेलं. डॉक्टर म्हणाला, हा गेला, दुसरा सांभाळा.

मी त्याची गोफण चुलीत घातली. म्हटलं, "एकच डोया शे तुन्हा. तो गया ते काय मोजशी? मन्हं कपाय?"

तेवढं त्याला पटलं. पुढच्या आखाजीला तो घरात बसून राहिला. बाहेर दगडांचा आवाज येत होता आणि हा दात खात होता. मी दाराशी मुसळ घेऊन बसले होते.

त्याच पावसाळ्यात त्याने माळढोक पाहिला. गायरानात, माणसाच्या कमरेइतका उंच, मान ताठ. घरी आला तो धावतच. भिंतीवर सगळ्यांपेक्षा मोठा काढला. मग बाजारच्या दिवशी चारचौघांत सांगितलं, तर जालमसिंग खो खो हसला. "काण्या, तुन्ही गिनती अर्धीच धरनी पडी! माळढोक म्हणे! बगळा देखा व्हई!"

सगळा बाजार हसला. दोधूने त्याची गचांडीही धरली नाही, तसाच घरी आला. तेव्हाच मी ओळखलं, याचा हिशेब हा आखाजीला करणार.

त्यानंतरच्या आखाजीला मी हातापाया पडले, शिव्या दिल्या. "आज जाशी ते तुन्हं तोंड देखाव नही मी!" पालथ्या घड्यावर पाणी. त्याने नवी गोफण वळून ठेवली होती, मला पत्ता नाही. नदीवर गेला आणि आमच्या माणसांच्याही पुढे, कोरड्या पात्रात जाऊन उभा राहिला. दगड सूं सूं करत जात होते. मी काठावरून बोंबलत होते, "डोया! दोधू, डोया सांभाय!" जालमसिंगही खाली उतरला. दोघांनी एकदमच गोफण फिरवली. जालमसिंगचा गोटा दोधूच्या कानाला चाटून गेला. दोधूचा त्याच्या कानशिलात बसला. तो उभाच्या उभा कोसळला, आणि लोक उचलायला गेले तेव्हा त्याचं डोकं मऊ लागत होतं.

आखाजीच्या दगडाला नाव नसतं, असं दोन्ही गावांनी ठरवलं. पोलीसपाटलाने वर कळवलं, पाय घसरून पडला. दोधूचा डोळा शाबूत राहिला. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? परक्याच्या मरणापेक्षा भावाचा डोळा मला मोठा होता.

दिवस-कार्य उरकल्यावर एका दुपारी जालमसिंगची बायको भुरीबाई आमच्या अंगणात आली. मी उखळात मिरच्या कुटत होते. दोधू ओट्यावर बसला होता. तिच्या हातात काही नव्हतं. रडलीही नाही.

ती दोधूला म्हणाली, "तो माळढोक त्यानी बी देखेल व्हता. माले घर येईसन सांगं, दोधू खरं बोलस. फक्त तुन्हा तोंडवर कबूल कराले त्याले जड गयं."

मी कपाळाला हात लावला. माय वं! एवढ्यासाठी माणूस गेला? वाटलं, आता तरी हा तिच्या पाया पडेल, छाती पिटेल, निदान मान खाली घालेल. दोधूने तिच्याकडे बघितलं. त्या एका डोळ्यात पाणी आलं होतं, ते मी पाहिलं. मग पुढे वाकून त्याने विचारलं,

"मन्हा आधी देखा, का मन्हा मांगून?"

भुरीबाईने माझ्या हातातलं मुसळ हिसकलं. मी घट्ट धरलंही नाही. दोन्ही हातांनी ते तिने त्याच्या तोंडावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज आला. तो ओट्यावरून खाली पडला, आणि त्याने डोळ्यावर दाबलेल्या बोटांमधून काय वाहिलं ते मी सांगणार नाही. मुसळाला मिरच्या होत्या. तो गुरासारखा ओरडत होता.

भुरीबाईने मुसळ टाकलं, पदर सावरला. कवाडापाशी जाऊन वळली आणि म्हणाली, "तुन्हा आधी."

खरं की खोटं, तिचं तिला माहीत. दोधू त्यानंतर पुष्कळ जगला, माझ्या हातचं खाऊन, माझ्या खांद्याला धरून. डोळ्यांसाठी तो एकदाही रडला नाही. पण जेवता जेवता मधेच घास ठेवायचा आणि मला विचारायचा, "बाई, ती खोटं बोलनी ना? मीच आधी देखा ना?" मी म्हणायचे, गिळ मुकाट्याने.