लूपमधलं डिफर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — विचारू नका, मलाच धड कळत नाही.

गोरव्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी सीनियर आहे. सीनियर! हेतलबेन आमच्याकडे आल्या त्या घरच्या आजारपणात दहा वर्षं घालवून, गो ही प्रोग्रॅमिंगची भाषा स्वतःच शिकून. ही नोकरी त्यांना हवीच होती. त्यांच्याकडे पहिलंच काम आलं — कारखान्यांतल्या मशीनच्या हजारो फाइली एकामागून एक वाचायच्या. उघड, वाच, बंद कर. त्यांनी ते साधं आणि अगदी बरोबर लिहिलं होतं.

मीच नाक खुपसलं. म्हटलं, गोमध्ये असं नाही लिहीत, डिफर वापरा. डिफर म्हणजे फाइल उघडतानाच सांगून ठेवायचं — जाताना बंद कर. त्यांनी विचारलंसुद्धा, "मंदारभाई, दरेक वखते बंद थशे ने?" प्रत्येक वेळी बंद होईल ना? होणारच, म्हणालो. वर असा चेहरा केला, की पुन्हा विचारायची सोयच नको.

होत नाही. डिफर लूपच्या, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या त्याच कामाच्या, प्रत्येक फेरीला चालत नाही; अख्खं फंक्शन, म्हणजे सगळ्याच फाइलींचं काम, संपल्यावर चालतं. मला ठाऊक नव्हतं? होतं हो! पण शहाणपणा मिरवताना आठवतंय कुणाला?

फाइली उघड्याच राहत गेल्या, एका वेळी किती उघड्या ठेवता येतात त्याची मर्यादा संपली, आणि सोमवारी सकाळी प्रोग्रॅम कोसळला. ग्राहकांचे फोनावर फोन. मला दोन मिनिटांत कळलं, काय झालंय ते. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, हे लिहिलंय कुणी? कोडवर नाव हेतलबेनचं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं — एकदाच. आणि मी? लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. वर म्हणालो, "मीही नीट तपासायला हवं होतं." काय साळसूद वाक्य आहे, बघा! सगळ्यांना वाटलं, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी माझं नाव घेतलं नाही. मी बोलेन, असं वाटलं असेल का त्यांना?

त्याच आठवड्यात त्यांना काढलं. त्या माझ्याकडे न बघता गेल्या. पुढे कुठे काम मिळालं की नाही, मी कधी विचारलं नाही. नंबर आहे माझ्याकडे.

आता नव्या माणसांना लूपमध्ये डिफर लिहू नका, हे मीच शिकवतो. उदाहरणाला तोच कोड दाखवतो. ऑफिसात त्याला सगळे "हेतलबेनवाली चूक" म्हणतात. परवा शिकवताना मीही तेच म्हणालो — सहज, न अडखळता.