संत्रं सोलेपर्यंत

ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणत. भरती विभागात तिच्याहून मोठ्या वयाची माणसं होती, तीही आत्याच म्हणत. कारण तिचा आवाज. फोन लावला की पहिल्याच वाक्याला ती विचारायची, "जेवलास का रे?" आणि पलीकडचा, चार कंपन्यांचं पाणी प्यालेला निबर प्रोग्रॅमर "हो, आत्ताच," असं शाळकरी पोरासारखं सांगून टाकायचा. अर्धी लढाई तिथेच संपायची.

तिची कंपनी दुसऱ्या कंपन्यांची संगणकाची कामं घेणारी. म्हणजे त्यांना माणसं पुरवायची, त्या माणसांच्या कामाचे भरपूर पैसे घ्यायचे आणि त्यातले जमतील तितके कमी त्या माणसांना द्यायचे. हे 'जमतील तितके कमी' आत्याच्या गळ्यात होतं. मुलाखती घेणारे वेगळे. त्यांनी माणूस पिळून, उलटासुलटा करून पसंत केला, की पगार ठरवायचा शेवटचा फोन आत्याचा. वरून तिला दोन आकडे मिळत. एक सांगायचा, आणि दुसरा, वरचा, अगदीच घोडं अडलं तर कबूल करायचा. त्या दोन आकड्यांमधलं अंतर तिनं वर्षानुवर्षं कंपनीला वाचवून दिलं, आणि कंपनीनं तिला दर वर्षाअखेरीस एक कौतुकाची ईमेल दिली.

तिची रीत साधी होती. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. आपल्या बाजूचा आवाज बंद करायचा, टेबलावरचं संत्रं उचलायचं आणि सावकाश सोलायला लागायचं. पलीकडचा माणूस आधी वाट बघतो. मग "हॅलो?" म्हणतो. मग घसा खाकरतो. मग न राहवून स्वतःच बोलायला लागतो, आणि एकदा बोलायला लागला की खाली येतो. संत्रं पूर्ण सोलून होईपर्यंत टिकलेला माणूस आत्याला अजून भेटायचा होता.

"खोटं बोलायचं नाही, दम द्यायचा नाही," ती नव्या मुलींना शिकवायची. "तोंडात मिठाची गुळणी धरायची, बस. गरजवंताला अक्कल नसते गं. तो आपणच आपला भाव पाडतो. आणि मागून कुजबुज ऐकू आली, की समजायचं काम झालं. बायको असते, नाहीतर आई. एकटा माणूस ताणून धरतो. शेजारी घरचं कुणी बसलेलं असलं, की तेच त्याला खाली ओढतं. आपल्याला काही करावंच लागत नाही."

मुली खिदळायच्या. सगळ्यात जास्त खिदळायची चिमणी. आवाज बारीक म्हणून चिमणी. बाकी डोक्यानं भलतीच तल्लख. आत्याची ही पट्टशिष्या. सगळं शिकून घेतलं आणि इथे पगार वाढेना म्हणून दुसऱ्या कंपनीत याच कामावर गेली. जाताना आत्याच्या टेबलावर संत्र्यांची पिशवी ठेवून गेली.

यात वाईट ते काय, असं कुणी विचारलं असतं तर आत्यानं त्यालाच उलट विचारलं असतं, की भाजी घेताना तू घासाघीस करत नाहीस का? उत्तर तयार होतं. विचारणारंच कुणी नव्हतं.

आत्याचा नवरा मात्र मुळातच घुम्या. लग्नाआधी दोघं पहिल्यांदा चहा प्यायला गेली, तेव्हा अख्ख्या भेटीत तो एकच वाक्य बोलला होता, "साखर कमी आहे." त्याचं कामही त्याच्यासारखंच. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि लिहून पाठवायच्या. एकाच कंपनीत केस पांढरे होईपर्यंत त्यानं ते केलं. मग त्याच्या गटाचं काम ज्या गिऱ्हाइकाकडून यायचं, त्यानं ते काढून घेतलं. काही आठवडे त्याला बिनकामाचं बसवून ठेवलं आणि एक दिवस एका काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. "तुम्हीच राजीनामा दिलात तर तुमच्याच दृष्टीनं बरं दिसेल," तिथली बाई म्हणाली. तो तिथेही काही बोलला नाही. सही करून घरी आला.

त्यानंतर घरात तो कमी कमी जागा घ्यायला लागला. सोफ्यावर बसायचा तो कडेला, पाहुण्यासारखा. दारावरची घंटा वाजली की आतल्या खोलीत जायचा. आत्या यायच्या आत भांडी घासून पालथी घातलेली असायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो विचारायला लागला. "हे दूध घेऊ का?" "पंखा लावू का?" स्वतःच्या घरात, स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या पंख्याखाली उभा राहून. आत्याला ते ऐकवत नसे. "अहो, विचारता काय?" म्हणून ती खेकसायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडायची. घराचे हप्ते आता तिच्या एकटीच्या पगारातून जात होते, आणि हे दोघांनाही माहीत असल्यामुळे कुणीच बोलत नव्हतं.

मुलाखती येत-जात होत्या. पडद्यावर कानाला हेडफोन लावलेलं कुणीतरी तरुण यायचं आणि विचारायचं, "नोकरी सुटल्यापासून काय करताय?"

"काही नाही," हा सांगायचा.

"अहो, काही नाही काय?" आत्या मागाहून कपाळावर हात मारायची. "नवीन शिकतोय म्हणावं!"

"शिकत नाहीये ना पण."

आता अशा माणसाला काय सांगणार?

तरीही एके ठिकाणी जमलं. तिसऱ्या फेरीला त्याच्याच वयाचा एक गृहस्थ होता. दोघं चुकांबद्दल बोलत बसले, कसल्याशा जुन्या चुकीवर दोघंही हसले, आणि नवरा खोलीबाहेर आला तो असा चेहरा घेऊन, जो आत्यानं कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. त्यानं न विचारता चहा टाकला. न विचारता पंखा लावला. सोफ्याच्या मधोमध बसला आणि म्हणाला, "पगाराचा फोन येईल. जुन्या पगाराच्या खाली मी जाणार नाही. एक दमडीही नाही."

आत्यानं हातातला कप खाली ठेवला.

"कमी घेतलं, तर त्यांनी मला काढलं ते बरोबरच होतं असं होईल," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून क्वचितच निघायचं.

"मग ते माझ्यावर सोडा," आत्या म्हणाली. "मी काय जन्मभर दुसरं केलंय? तुमची अपेक्षा एकदा सांगायची आणि गप्प बसायचं. आणि ते तर तुम्हाला जन्मजात येतं!"

तो हसला. चक्क दात दिसेपर्यंत.

फोन आला तो संध्याकाळी. दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली, मध्ये फोन, आवाज मोठा केलेला, शेजारी फळांची परडी. पलीकडून बारीक आवाज आला, "नमस्कार सर. जेवलात का?"

आत्यानं आवाज लगेच ओळखला. चिमणी! चिमणी गेली ती कंपनी हीच, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. नवऱ्याला खूण करावी असं तिला वाटलं, पण कसली खूण करणार? ती खुर्चीत मागे सरकून बसली.

चिमणीनं कौतुक केलं, मुलाखत किती छान झाली ते सांगितलं. प्रत्येक शब्द आत्याच्या ओळखीचा होता, तिनंच घडवलेला. मग चिमणीनं आकडा सांगितला. जुन्या पगाराच्या बराच खाली.

"माझी अपेक्षा जुन्या पगाराइतकी आहे," नवरा म्हणाला आणि थांबला.

पलीकडे बारीकशी टिक् झाली. चिमणीनं आपला आवाज बंद केला. आता ती संत्रं उचलत असेल, आत्याला स्पष्ट दिसलं.

शांतता सुरू झाली. स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरत होता. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. नवऱ्यानं परडीतलं एक संत्रं उचललं, देठाशी नख लावलं आणि अगदी निवांत सोलायला घेतलं. कंपनी बुडाली तरी हा माणूस बोलणार नाही, असं दिसत होतं.

आत्याला सगळं ठाऊक होतं. वरचा आकडा चिमणीच्या समोर पडलेला आहे, हे ठाऊक होतं. तीन फेऱ्या करून पसंत केलेला माणूस गप्प बसला म्हणून कुणी सोडत नाही, हे तर तिनंच शिकवलेलं. पण फोनच्या या बाजूला ती याआधी कधी बसली नव्हती. या बाजूला तिला सोफ्याची कड दिसायला लागली. पालथी घातलेली भांडी दिसली. पुढच्या महिन्याचा हप्ता दिसला. चिमणी फोन ठेवून देईल, दुसऱ्या कुणाला तरी लावेल, आणि हा माणूस पुन्हा त्या कडेवर जाऊन बसेल. हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे कशाला लागायचं? कशाला?

"हो म्हणा," ती कुजबुजली.

त्यानं नकारार्थी मान हलवली. साल अजून निम्मीच निघाली होती.

"अहो, हो म्हणा ना!"

त्यानं तिच्या मनगटावर हात ठेवला, थांब, या अर्थानं. पण आत्याचा धीर पार सुटला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. ती फोनवर वाकली आणि मोठ्यानं म्हणाली, "चालेल! चालेल त्यांना!"

पलीकडून अगदी हलका आवाज आला, "आत्या?"

आत्यानं तोंडावर हात दाबला.

चिमणीचा आवाज पुन्हा ऑफिसचा झाला. "सर, हा फोन रेकॉर्ड होतोय. तर सांगितलेला आकडा मान्य आहे, असं धरू ना?"

नवऱ्यानं आत्याकडे पाहिलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो नुसताच पाहत होता.

"धरा," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमणीचा फोन आला. जिन्यात उभी राहून बोलत असावी, आवाज घुमत होता.

"आत्या, तुम्ही का बोललात? मी आवाज परत चालू केला होता. वरचा आकडा सांगणारच होते. माझं संत्रं सोलून झालं होतं, आत्या. असं आजवर कुणी केलं नव्हतं."

"आता काही नाही का करता येणार?"

"रेकॉर्डिंग साहेबानं ऐकलं. कुजबुजीपासून सगळं आहे त्यात. तो हसला. म्हणाला, तुझं काम सोपं झालं."

आत्यानं फोन ठेवला. त्या दिवशी तिला आणखी दोघांना फोन करायचे होते. तिनं केले. काय करणार, तिचीही नोकरीच होती. पण दुसऱ्या फोनवर मागून एका बाईची कुजबुज ऐकू आली आणि आत्याला वाटलं, त्या बाईला ओरडून सांगावं, गप्प बस गं बाई, थोडा वेळ गप्प बस. ती ओरडली नाही. तो माणूसही खाली आलाच. टेबलावरचं संत्रं मात्र तिनं उचललं नव्हतं.

नवरा कामावर रुजू होणार होता त्या सकाळी ती लवकर उठली. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला, बूट पुसले. न सांगता राहवेना, म्हणून तिनं चिमणीचं सगळं सांगून टाकलं. "माझ्यामुळे गेलं," ती म्हणाली. "मीच घालवलं."

"पैशांचं सोड," तो बुटाची नाडी बांधत म्हणाला. मग दुसऱ्या बुटाकडे वळला. "तुला वाटलं मी घाबरलोय."

"हो."

"नव्हतो घाबरलो," तो म्हणाला. "त्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्यापासून पहिल्यांदाच नव्हतो घाबरलो गं."

आत्यानं डबा त्याच्या हातात दिला. त्यानं डबा पिशवीत ठेवला. दाराशी जाऊन तो थांबला. बाहेर आभाळ भरून आलं होतं. खुंटीवर त्याची काळी छत्री होती, त्यानंच घेतलेली, जुन्या ऑफिसात रोज नेलेली. त्यानं हात पुढे केला, मग मागे घेतला आणि तिच्याकडे वळून विचारलं,

"छत्री नेऊ का?"