बॅटरीची हाक

२०२३ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. ऐकू कमी येतं हे मी कुणापुढे मानलं नव्हतं, आणि ओरडून दमलेल्या बायकोनं मला हाक मारायचंच सोडलं होतं. दिवसभर घरात आम्ही दोघंच, पण बोलणं नाही.

एका संध्याकाळी दिवाळे गावच्या जेट्टीवर सुकट घ्यायला गेलो. विकणारी बाई कमरेला रिमोट खोचून बसली होती. लांबवर एका होडीत तिचा नवरा जाळं सांधत होता आणि त्याच्यासमोर काठीला रिमोटवर लागणारी बॅटरी टांगली होती. तिनं बटण दाबलं, बॅटरी लुकलुकली, तशी त्यानं मान वर केली.

"बहिरा हाय तो," ती म्हणाली. "एकदा लावली का चा झाला. दोनदा लावली का मासलीवर मांजर आली, धाव."

"आणि तीनदा?"

"तवा कायच काम नसतं, बाबा. उगाच लावते. तो वर बघतो ना."

मी सुकट घेतली आणि निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुर्भ्याला जाऊन तसलीच बॅटरी आणली, माझ्या खुर्चीसमोर खिळ्याला टांगली आणि रिमोट बायकोच्या हातात दिला. कान ठीक आहेत माझे, एवढं मात्र तिला बजावलं.