पटाच्या बैलाचा सौदा
बैलाने मला गोठ्याच्या भिंतीशी दाबून धरलं होतं आणि मला ओरडता येत नव्हतं, कारण बाहेर अंगणात त्याचाच सौदा चालला होता. आदल्या दिवशी तो शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, सगळ्यांच्या पुढे पळाला होता. नवरा या नादात नवखा, पटातल्या एका म्हाताऱ्याने त्याला बजावलं होतं, "जितला का दुसऱ्याच दिवशी वीक बाबू, हरलेल्या बैलाले कोनी इचारत नाही." दोन वर्षं माझ्या पोरींच्या वाटचं दूध आणि अंडी त्या बैलाच्या पोटात जात होती, म्हणून तो जायलाच हवा होता. मी सरकीच्या ढेपेचं घमेलं घेऊन आत गेले आणि त्याने एकदम अंग फिरवलं. छातीवर त्याचं गरम पोट, पाठीला कुडाच्या काड्या, नाकात घामाचा आणि शेणाचा वास, श्वास अर्धाच. बाहेर पवनीहून आलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "मारते का जी?" नवरा हसला, "गाय हाय, गाय! बाई आतच हाय, तिलेच इचारा." "काहो वयनी, मारते का?" होता तेवढ्या श्वासात मी म्हटलं, "नाही जी, लय गरीब हाय." सौदा झाला. नवरा दावं सोडायला आत आला तेव्हा मी सुटले. बरगडी मोडली होती. आठ दिवसांनी त्याच पैशांत नवऱ्याने पटासाठी दुसरा बैल आणून त्याच खुंट्याला बांधला. आता नवरा नाही, ते बैलही नाहीत. मी आहे.